हसनसाहेब, एल्साबाई आणि मी दुभाषी

भिलाईत ज्यांनी संसार केला त्यांना ठाऊक आहे, खिडकीची चौकट सकाळी पुसली तरी संध्याकाळी तिच्यावर लाल धूळ बसलेलीच असते. कोणी आणून टाकत नाही, आपोआप येते. हसनसाहेब आणि एल्साबाईंचे किस्से आमच्या घरात असेच साचले. जेवणं झाली, सुपारीचा डबा उघडला, की जावई म्हणतो, "मामाजी, ते भट्टीवालं सांगा." एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा येतो. किस्से त्या दोघांचे म्हणून सांगायला बसतो, आणि प्रत्येकात वेडा मीच ठरतो.

बायको म्हणते, "ठरत नाही. होतेच."

तर आधी माणसं सांगतो. रशियाच्या मदतीनं पोलादाचा प्लांट तेव्हा उभा होत होता. पहिली भट्टी अजून पेटायची होती. मी स्टोअरमध्ये क्लार्क, राहायला खुर्सीपारला, कवेलूच्या, म्हणजे कौलारू, दोन खोल्यांत. घरात बायको कौसल्या आणि माझे वडील. त्यांना आम्ही बा म्हणायचो. गाव तुमसरकडचं. नागपूरला जाऊन आम्ही तिघांनी दीक्षा घेतली त्याला फार काळ झाला नव्हता. म्हणजे नोकरी नवी, गाव नवं आणि धर्मही नवा.

त्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी डेन्मार्कचं एक जोडपं येऊन राहिलं. दोघांनीही साठी ओलांडलेली. साहेबांचं आडनाव हान्सेन. आयुष्यभर त्यांनी आपल्या गावात बेकरी चालवली होती. बाई, एल्साबाई, लहान मुलांना शिकवत. मुलं मार्गी लागली, बेकरी थोरल्याच्या हाती दिली, आणि ज्या वयात माणूस उन्हाची खुर्ची शोधतो त्या वयात हे दोघं मिशनरी झाले. जन्मात पहिल्यांदा देश सोडला तो थेट खुर्सीपारला यायला.

पुढं ओळख वाढल्यावर मी साहेबांना विचारलं, "या वयात कसं काय सुचलं?"

ते म्हणाले, एका सकाळी भट्टीपुढं उभा असताना देवानं सांगितलं.

मी एल्साबाईंना विचारलं, "आपको भी बोला?"

"मुझे नहीं बोला," बाई म्हणाल्या. "मैं इसके साथ आई. इसको अपना मोजा नहीं मिलता."

*

त्यांना हिंदी शिकवायला कोणी तरी पाहिजे होतं. चहाच्या टपरीवर एक जण विचारत आला, "इंग्रजी और हिंदी दोनों किसको आता है?" टपरीवर बसलेले सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मी हात वर केला.

आता माझं इंग्रजी म्हणजे स्टोअरचं इंग्रजी. नट, बोल्ट, वॉशर, 'नॉट इन स्टॉक'. एवढ्यावर मी प्लांटमध्ये विद्वान समजला जात होतो. आणि हिंदी? नागपूरकडच्या माणसाला आपली हिंदी शुद्ध आहे याबद्दल कधी शंका येत नाही. मलाही नव्हती.

पहिल्या दिवशी साहेबांनी आपलं नाव सांगितलं. मी नीट ऐकलं, मान डोलावली आणि गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं, "साहेबाचं नाव हसन."

गोरा माणूस, पांढरी दाढी, नाव हसन. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणी म्हणालं इराणचा असेल, कोणी म्हणालं काबूलचा. ठेकेदाराकडचे मिस्त्री त्यांना येता-जाता सलाम करू लागले. साहेबांना वाटलं, किती अदबशीर वस्ती आहे. तेही सलाम करत. ईद आली तेव्हा मिस्त्र्यांच्या घरातून शेवयांचा वाडगा आला आणि पाठोपाठ निरोप आला, हसनसाहेबांनी आमच्याकडे जेवायला यावं. दोघं गेले. पोटभर जेवले. परत आल्यावर साहेब मला म्हणाले, "मास्टरजी, फार चांगले लोक. पण मला एकच कळलं नाही. ते विचारत होते, मी नमाजाला कुठं जातो?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"नमाज म्हणजे काय हे तुम्ही अजून शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, नॉट इन स्टॉक."

चूक कळल्यावर मी घरोघर जाऊन खुलासा केला. म्हाताऱ्या मिस्त्रीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ईसाई हैं तो क्या हुआ. हसनसाहब तो हैं ना." ते नाव शेवटपर्यंत टिकलं.

*

भट्टीवालं हे.

आमच्या टपरीवर एक बंगाली फोरमन यायचा. पहिल्या भट्टीच्या आतल्या विटांच्या कामावर त्याची गँग होती, आणि ते काम नीट होईल की नाही या काळजीनं त्याची झोप उडालेली. एक दिवस हसनसाहेब माझ्याबरोबर टपरीवर होते. फोरमननं विचारलं, "साहेब काय करायचे तिकडे?"

मी साहेबांना विचारलं. ते इंग्रजीत म्हणाले, सारी जिंदगी ओव्हनवर काम केलं. ओव्हनला हिंदीत काय म्हणायचं? मी क्षणभरही न थांबता सांगितलं, "सारी उमर भट्टी पर काम किया."

फोरमन बाकावरून उठून उभा राहिला.

"पहिल्यांदा पेटवताना काय सांभाळावं, विचारा ना."

साहेब म्हणाले, घाई करू नये. वीट ओली असते, हळूहळू तापवावी, नाही तर तडकते. फोरमननं मान हलवली. त्यालाही हेच सांगण्यात आलं होतं.

"आणि चालू असताना?"

"दार सारखं सारखं उघडायचं नाही."

"बरोबर. आणि माल तयार झाला हे कसं ओळखता?"

साहेबांनी तर्जनी वर केली. म्हणाले, बाहेर काढायचं, उलटं करायचं, आणि खालून या बोटानं टकटक करायचं. पोकळ आवाज आला की तयार.

मी शब्दाला शब्द सांगितलं.

फोरमननं आपली तर्जनी वर करून पाहिली. "उंगली से?"

"उंगली से."

"नीचे से?"

"नीचे से."

त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बहुत बड़ा आदमी है."

पुढचे कितीतरी दिवस त्याच्या गँगमधली माणसं सुटी झाल्यावर हसनसाहेबांकडे येत आणि काही न बोलता त्यांच्या बोटाकडे बघून जात.

*

एका पावसाळी संध्याकाळी हसनसाहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्टरजी, तुम्ही माझा धर्म जाणता. मी तुमचा जाणत नाही. सांगा."

मला फार बरं वाटलं. एवढा मोठा माणूस विचारतोय. मी मांडी घालून बसलो, घसा साफ केला आणि पंचशील सांगायला लागलो. हिंसा करायची नाही. चोरी करायची नाही. व्यभिचार करायचा नाही. आणि... चौथं काही केल्या आठवेना. पाचवं आठवत होतं, दारू प्यायची नाही. पण मधलं गेलं ते गेलंच. नवा धर्म, पाठांतर कच्चं. साहेब वाट बघत होते. मग मी ठासून सांगितलं, "चौथं म्हणजे, मोठ्यांचा मान ठेवायचा."

आतून कौसल्याचा आवाज आला, "खोटं बोलायचं नाही, हे हाय चौथं. तेच नेमकं इसरले."

साहेबांना हसू आवरेना. मला जरा राग आला. मी म्हणालो, "तुमच्या दहा आज्ञा आहेत ना? तुम्ही सांगा, हिंदीत."

ते सांगायला लागले. चार-पाच झाल्या, पुढं सहावी की सातवी यात अडकले, एक दोनदा म्हटली, एक सोडली. शेवटी कपाळ पुसून म्हणाले, "मास्टरजी, डॅनिशमध्येही मला एल्साच आठवण करून देते."

त्या दिवशी दोन्ही धर्मांचे प्रचारक मुकाट्यानं भजी खात बसले.

*

काही महिन्यांनी साहेबांची पहिली प्रार्थनासभा ठरली. कनात लावली, सतरंज्या टाकल्या. तेलुगू, बंगाली, पंजाबी, छत्तीसगढी, सगळ्या प्रकारचे लोक कुतूहलानं जमले. मागच्या बाजूला आमची विदर्भाची मंडळी. त्यांना धर्म बदलायचा नव्हता, तो त्यांनी नुकताच बदलला होता. पण मास्तर कसा शिकवतो ते बघायचं होतं. रायपूरहून एक वयस्कर पाद्री मुद्दाम आले होते. ते हिंदीचे मोठे अभ्यासक, आणि नव्या मिशनऱ्याची भाषा कशी आहे हे बघणं त्यांचं काम. भाषा नापास झाली तर दोघांना पुन्हा कुठंतरी शाळेत बसवणार असं साहेबांनी मला सांगितलं होतं. दोघं घाबरलेले. मी मुळीच नाही.

साहेब उभे राहिले. "भाई लोग, हम तुमाले मिलने को आया. कावून आया? भगवान सबके ऊपर प्रेम करून राहिला है."

पुढच्या रांगा माना वळवू लागल्या. पंजाब्यानं बंगाल्याकडे पाहिलं. पण मागं एकदम चैतन्य पसरलं.

"अरे, हा तं आपला हाय!"

"साहेब गोंदियाचा हाय का?"

साहेबांना हुरूप आला. त्यांनी अर्धा तास भाषण केलं. माझ्या मंडळींनी दर वाक्याला दाद दिली. सभा संपल्यावर रायपूरचे पाद्री फार हळू आवाजात, फार स्वच्छ हिंदीत म्हणाले, "हान्सेनजी, यह भाषा आपने किससे सीखी?"

साहेबांनी मोठ्या अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी मागं वळून पाहिलं. माझ्यामागं फक्त कनात होती.

पाद्रींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अच्छा," ते म्हणाले. "और इन्हें कौन सिखा रहा है?"

पण त्यांनी साहेबांना नापास केलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, की आजवर इतक्या सभा पाहिल्या, पण मागच्या रांगेला पुढच्या रांगेपेक्षा जास्त कळलेली सभा ही पहिलीच.

*

कौसल्याला तेव्हा हिंदी येत नव्हती, इंग्रजीचा प्रश्नच नाही. एल्साबाईंची हिंदी माझ्या हातची. तरी दोघी रोज दुपारी आमच्या ओसरीवर बसायच्या. एक स्वेटर विणायची, दुसरी तांदूळ निवडायची.

मला वाटायचं, बिचाऱ्या नुसत्या एकमेकींकडे बघून हसत असतील. एका सुटीच्या दिवशी मी म्हटलं, आज आपण मध्ये बसू, दोघींचं नीट बोलणं होऊ दे. बसलो. एल्साबाई काही म्हणाल्या, मी मराठीत सांगितलं. कौसल्या काही म्हणाली, मी हिंदीत सांगितलं. थोडा वेळ असं चाललं. मग दोघी गप्प झाल्या. मग एल्साबाईंनी विणकाम खाली ठेवलं.

"मास्टरजी, आप बीच में बोलते तो कुछ समझता नहीं."

"हो ना," कौसल्या म्हणाली. "जा बरं तुमी, टपरीवर जाऊन या."

त्या रात्रीच्या जेवणाला कौसल्यानं मला एल्साबाईंचा सगळा संसार सांगितला. थोरल्या सुनेचं आणि त्यांचं कशावरून बिनसलं. लग्नात सासूनं दिलेली तांब्याची किटली कोणाकडे गेली. आणि एक मुलगी होती, चालायला लागली तेव्हा तापानं गेली. आमचीही पहिली मुलगी गावी अशीच गेली होती. मी घरात तो विषय कधी काढत नसे. कौसल्या म्हणाली, दोघींनी मिळून आज दोघींची नावं घेतली, आपल्या कमळीचं आणि त्यांच्या इंगेचं.

मी हातातला घास तसाच धरून बसलो. एल्साबाईंना मी कितीतरी महिने रोज शिकवत होतो. त्यांना मुलगी होती हेच मला माहीत नव्हतं.

"मला त्या कधी बोलल्या नाहीत," मी म्हणालो.

"कशा बोलतील? तुमी तिले 'यह कलम है, यह दवात है' शिकवून राहिले होते."

*

भिलाईत तेव्हा गोरा माणूस म्हणजे रशियन. हसनसाहेब बाजारात गेले की भाजीवाल्या त्यांना 'स्पासीबा' म्हणून वांगी देत. साहेबांनी विचारलं, हे कोणत्या भाषेत बोलतात? मी सांगितलं, छत्तीसगढी. तो रशियन 'धन्यवाद' होता, पण मला खरंच तसं वाटत होतं.

पण खरे रशियनही होतेच. त्यांतला एक फिटर, दाराच्या चौकटीत जेमतेम मावेल असा धिप्पाड, गावाकडच्या काळ्या पावाच्या आठवणीनं सुकत चालला होता. हे साहेबांच्या कानावर गेलं. काळ्या पावाचं धान्य इथं कुठून मिळणार? साहेबांनी गव्हाच्या पिठात नाचणीचं पीठ मिसळून पाहिलं, गूळ घालून पाहिला, अंगणातल्या मातीच्या भट्टीत बरेच दिवस खटपट केली. शेवटी एक पाव असा निघाला की साहेबांनी त्याला खालून बोटानं वाजवलं आणि मला म्हणाले, "बुलाओ."

मी आणि कौसल्या साहेबांच्या घरी बसलो होतो. फिटर आला, सोबत त्याचा दुभाषी. तोही रशियन, चष्मेवाला, फार जपून बोलणारा. मला मोठी काळजी होती. हे देव न मानणारे, ते देवासाठी घर सोडून आलेले. कोणी काही बोललं तर? मी आधी साहेबांना बजावलं, "देवाचा विषय काढू नका." मग रशियन दुभाष्याला बाजूला घेऊन सांगितलं, "ये लोग पादरी हैं, बुरा मत मानना." तो म्हणाला, "हमको मालूम है." तरी मी हवापाण्याच्या गप्पा सुरू ठेवल्या. बाहेर हवा नव्हती आणि नळाला पाणी नव्हतं, तरी.

पाव मधोमध ठेवला. साहेबांनी सवयीनं डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात आपली प्रार्थना म्हटली. मी डोक्याला हात लावला. त्या क्षणी कौसल्यानं मला कोपरानं ढोसलं, पण मला वाटलं तिला पाणी पाहिजे. तेवढ्यात रशियन दुभाषी एकदम छताकडे बघून म्हणाला, "वहाँ छिपकली है."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. मी तर उठून, खुर्चीवर चढून, कवेलूच्या खालून पाल शोधायला लागलो. पाल काही सापडेना. मी म्हणालो, "कुठं आहे?" खाली पाहिलं तर फिटर पाव खात होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

घरी येताना मी कौसल्याला म्हणालो, "पाल कुठं गेली कळलं नाही."

"पाल नव्हती," ती म्हणाली. "साहेबानं डोळे मिटले तसा त्या मोठ्या माणसाचा हात आपसूक कपाळावर गेला, मंग पोटावर, मंग दोन्ही खांद्यायवर, क्रूस काढल्यावानी. त्याच्या सोबत्यानं पाह्यलं. दुसऱ्या कोनाले दिसू नये म्हनून सगळ्यायले वर पाहाले लावलं."

*

दुसऱ्या उन्हाळ्यात एल्साबाई आजारी पडल्या. पहिला उन्हाळा त्यांनी हसत काढला होता, हा सोसवेना. ओली गोणपाटं खिडक्यांना लावली, कौसल्यानं कांदा-कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला. ताप उतरला, पण बाई उठून बसल्या त्या वेगळ्याच. बोलत नव्हत्या. एका सकाळी साहेब येऊन म्हणाले, "मास्टरजी, आम्ही परत जातोय. एल्साला आता इथं ठेवणं बरोबर नाही."

कौसल्या आत गेली ती बाहेर आली नाही.

मी म्हणालो, दुर्गला मी पोचवून देतो, गाडीत बसवून देतो. माझे बा रेल्वेत गँगमन होते, मी रुळांच्या कडेला वाढलो, गाड्यांचं तुम्ही मला सांगूच नका. सामान रिक्षांत घातलं. दुर्गला पोचलो. मी छाती पुढं काढून सगळ्यांना एका प्लॅटफॉर्मवर नेलं, बाकावर बसवलं, सामान रचलं. गाडी आली. समोरच्या प्लॅटफॉर्मवर. पूल चढून जाईपर्यंत ती सुटलीसुद्धा.

गँगमनचा मुलगा सामानाच्या ढिगापुढं उभा. पुढची गाडी फार उशिरा होती. एल्साबाई बाकावर आडव्या झाल्या आणि झोपल्या. साहेब त्यांच्या चेहऱ्यावर वारा घालत बसले. मी दर थोड्या वेळानं जाऊन खात्री करून येत होतो की हा प्लॅटफॉर्म तोच आहे ना.

दुपार कलली तेव्हा बाई उठल्या. तोंड धुतलं, केस सारखे केले आणि मला म्हणाल्या, "मास्टरजी, रिक्षा."

"गाडीला अजून वेळ आहे."

"गाडी नहीं. रिक्षा. घर."

साहेबांनी त्यांना त्यांच्या भाषेत काही विचारलं. त्या माझ्याकडेच वळल्या, जणू हे त्यांना नव्हे, मलाच सांगायचं होतं.

"मास्टरजी, आज सवेरे इसने आटा भिगाया. पाव का आटा. ढाक के रखा. मैं देखी." मग थोडं थांबून म्हणाल्या, "जाने वाला आदमी आटा भिगाता है क्या?"

हसनसाहेब खाली मान घालून आपल्या बुटांकडे बघत होते. आयुष्यभर पहाटे उठून पीठ भिजवणारा माणूस. त्या सकाळी सवयीनं भिजवलं की मुद्दाम, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. साहेबांच्या घरी परत पोचलो तेव्हा पीठ भांड्याबाहेर येऊन ओट्यावरून खाली लोंबत होतं, आणि कौसल्या ते गोळा करत रडत होती.

*

आता बांचं सांगतो.

गावी असताना आमच्या घरापुढून कोणी मोठा माणूस गेला की बांना खाटेवरून उठावं लागे. उठून खाली बसावं लागे. भिलाईत आल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक खाट विणून घेतली आणि ते दिवसभर तीवर पाय लांब करून बसायचे. माझा साहेब घरी आला तरी पाय आखडले नाहीत, की कोणाला तीवर जागा दिली नाही. मलाही नाही.

हसनसाहेबांना हिंदी शिकायला लागून काही महिने झाले होते, तेव्हा ते पहिल्यांदा मुद्दाम बांना भेटायला आले. उभं राहून त्यांनी 'जयभीम' केला, हे मीच शिकवलं होतं. बांनी 'जयभीम' घेतला आणि मला म्हणाले, "इचार याले. आमाले इहिरीवर चढू देत नव्हते, तव्हा याचा देव कुठं होता?"

पाहुणा दारात उभा, आणि हे असं. मी साहेबांकडे वळून म्हणालो, "पिताजी पूछते हैं, आपका सफर कैसा हुआ?"

साहेब बांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उनको बोलो, बहुत अच्छा सवाल है."

मी बांना सांगितलं, "साहेब म्हणतात, तुमची तब्येत छान दिसते."

"एवढंसं बोलाले त्याले इतका वेळ लागला?" बा म्हणाले.

तेव्हापासून हसनसाहेब दर रविवारी यायचे. मी स्टूल द्यायचो, ते बसायचे. बांचा प्रश्न ठरलेला. "सापडला का याचा देव? इचार." मी दर वेळी त्याचं काहीतरी गोड करून सांगायचो. पिकपाणी, गुडघेदुखी, पावाची चव. साहेबांचं उत्तरही मी असंच गोड करून बांपर्यंत पोचवायचो. वर्षानुवर्षं मी दोन धर्मांमधली भांडणं अशी टाळली. स्टोअरमध्ये मित्रांना सांगायचो, दुभाषी असावा तर असा.

मग आम्हाला प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, क्वार्टर मिळालं, आणि तिथंच बा अंथरुणाला खिळले. डॉक्टर म्हणाले, आता घरीच सांभाळा. हसनसाहेबही तोवर फार थकले होते. खुर्सीपारहून सायकलरिक्षानं यायचे, काठी टेकत पायऱ्या चढायचे.

त्या रविवारी ते आले तेव्हा बांचा आवाज अगदी खोल गेला होता. मी खाटेच्या डोक्याशी तयारीत उभा राहिलो. बांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ साहेबांना म्हणाले, "काय साहेब. सापडला का?"

मी म्हणालो, "पिताजी पूछते हैं..."

साहेबांनी हात किंचित वर करून मला थांबवलं. काठी भिंतीला टेकवली, खाटेजवळ वाकले आणि आमच्या बोलीत, जशी मी शिकवली तशीच, सावकाश म्हणाले, "नाही बा. पहिल्या दिवसापासून इचारून राहिलो. रोज सकाळी इचारतो. तो बोलून नाही राहिला."

मी थक्क होऊन दोघांकडे बघत राहिलो.

बा मला म्हणाले, "तू कायले डोये फाडून पाहून राहिला? त्याले पहिल्या दिसापासून समजते."

मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब तसेच वाकून उभे, एक हात गुडघ्यावर. मी स्टूल पुढं सरकवलं. बांनी मान हलवली, नको. त्यांनी पाय आखडायला सुरुवात केली. एक पाय ओढला, थांबले, श्वास घेतला, मग दुसरा ओढला. मी मदतीला वाकलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. खाटेच्या पायथ्याशी एका माणसापुरती जागा मोकळी झाली. बांनी तीवर हात फिरवून चादरीची सुरकुती नीट केली.

"बस," ते म्हणाले.